प्रशासकाची परवानगी

मोहाडी,
गुरुवार, दिनांक २२ ऑगस्ट

श्री. ताराचंदजी, मुक्काम आसगाव, यांस मोहाडीहून भोजराजचा नमस्कार पोहोचावा.

आपल्या उजव्या गुडघ्याची कळ आता कितपत आहे आणि सौ. शुभांगी यांचा रक्तदाब गोळीला जुमानतो किंवा कसे, हे कळवावे. आपला धानाचा रोवणा आटोपला आणि शेताच्या बांधीत पाणी पुरेसे आहे, असे पवनीकडून येणाऱ्या एका गृहस्थांकडून समजले, समाधान वाटले. माझी प्रकृती तक्रार करण्याजोगी नाही. तक्रार ऐकणारे कोणी नसल्यामुळे तिने तो प्रकार बंद केला आहे.

प्रस्तुत पत्राचा हेतू आपणांस संगणकाच्या सुरक्षिततेविषयी सावध करणे, एवढाच आहे. (आपल्याकडे संगणक नाही, हे मी विसरलेलो नाही. तथापि मोबाइल आहे, आणि त्याचा पासवर्ड एक-दोन-तीन-चार आहे, हे आपण तेरवीच्या दिवशी मांडवात मोठ्याने सांगितले होते.) आपणांस ठाऊक आहे, की भंडाऱ्याच्या महाविद्यालयात परीक्षा विभागाचा अधीक्षक या नात्याने मी एकतीस वर्षे प्रश्नपत्रिकांची पाकिटे सांभाळली. पाकीट कागदाचे असते, नखाने फाटते. त्यावरची लाख कोणालाही अडवत नाही. कोणीतरी आत जाऊन आले आहे, एवढेच ती नंतर सांगते. सुरक्षिततेविषयीचे माझे सारे ज्ञान या एका लाखेच्या ठिपक्यात मावत होते आणि ते पुरेसे आहे, असा माझा समज होता. तो समज या महिन्यात गेला.

आपल्या भगिनी कुंता यांच्या वर्षश्राद्धाला अद्याप अडीच महिने अवकाश आहे. तरीही पत्रिका वेळेत तयार असावी आणि ती घरीच छापावी, असे मी ठरवले. (तेरवीच्या पत्रिकेत छापखान्याने तीन चुका केल्या होत्या, त्या दिवसांत माझ्याकडून दोनच दुरुस्त झाल्या.) त्यासाठी नवा प्रिंटर आणला, माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचली आणि तार जोडली. पडद्यावर सूचना उमटली, की या कामासाठी प्रशासकाची परवानगी आवश्यक आहे. प्रशासकाचे नाव कुंता. कृपया पासवर्ड द्यावा. अधिक चौकशी करता माझ्या नावापुढे ‘साधा वापरकर्ता’ अशी नोंद आढळली. म्हणजे अकरा वर्षे मी या घरात साधा वापरकर्ता होतो आणि मला तसे कोणी कळवले नव्हते. (सेवेत असताना कोणाचा दर्जा बदलला, तर निदान लेखी आदेश निघत असे.) त्याहून विचित्र असे, की पत्नीच्या वर्षश्राद्धाची पत्रिका छापण्यासाठी पत्नीचीच परवानगी मागितली जात होती.

कुंता यांनी चाळिशी उलटल्यावर संगणकाचा तीन महिन्यांचा वर्ग केला, तेव्हा मी हसलो नव्हतो, हे येथे नमूद करू इच्छितो. मात्र विचारलेही काही नव्हते. त्या रोज दुपारी संगणकापुढे बसत आणि मी वर्तमानपत्र वाचत असे. यालाच मी सहवास म्हणत आलो.

चुकीचा पासवर्ड दिला, की हे यंत्र मालकाने स्वतःच्या आठवणीसाठी लिहून ठेवलेली एक खूण दाखवते. कुंता यांनी लिहिलेली खूण अशी: ‘यायले मालूम नाही.’ चौतीस वर्षांत त्यांनी माझे नाव एकदाही उच्चारले नाही, हा आपल्याकडचा रिवाज आपण जाणताच. शेवटच्या आजारपणात रुग्णालयातील परिचारिकेने पतीचे नाव विचारले, तेव्हाही, बोलण्याचे त्राण नसताना, त्यांनी बोटाने माझ्याकडे दाखवले आणि फॉर्म मी स्वतः भरला. त्यामुळे ‘यायले’, अर्थात ‘यांना’, म्हणजे कोणाला, याविषयी संदिग्धता उरत नाही. मला प्रथम अपमान वाटला. नंतर मी पद्धतशीरपणे विचार केला. ज्या अर्थी पासवर्ड मला माहीत नाही, त्या अर्थी कुंता यांच्याविषयी मला जे जे माहीत आहे, ते सारे वगळता येते. म्हणून मला माहीत असलेल्या गोष्टींची क्रमवार यादी करावयास घेतली: जन्मगाव, माहेरच्या तळ्याचे नाव, पहिल्या गायीचे नाव, आवडती भाजी, वर्ज्य भाजी, विवाहाची तारीख. यादी दोन-तीनशे कलमांची होईल, या अंदाजाने मी मोठी वही घेतली होती. ती एकेचाळिसाव्या कलमाला थांबली. (कलम सतरा, ‘आवडता रंग’, यापुढे प्रश्नचिन्ह आहे. कलम अठरापुढेही.) ही दोन वगळून उरलेले एकोणचाळीस शब्द खात्रीसाठी एकेक करून टाकून पाहिले. खूण अगदी खरी निघाली.

नाइलाजाने संगणक रिक्षात घालून तहसील कार्यालयासमोरच्या तृप्ती या बाईंच्या दुकानात नेला. कुंता यांनी संगणकाचा वर्ग त्यांच्याचकडे केला होता. त्यांनी खूण वाचली आणि ओढणी तोंडाला लावून हसल्या. मग माझ्याकडे पाहून थांबल्या. “काकाजी, पासवर्ड काढता येत नसते, नवीन टाकता येते फक्त. कम्प्युटरलेबी मालूम नसते तो काय होता म्हणून.” मी विचारले, त्याला माहीत नसेल, तर तो ओळखतो कसा? त्यावर त्यांनी समजावले, की यंत्र शब्द ठेवतच नाही, शब्दाचा केवळ ठसा ठेवते. आपण शब्द दिला, की त्याचा पुन्हा ठसा काढून जुन्याशी ताडून पाहते. ठशावरून शब्द परत घडवता येत नाही. (हे मला समजले. घरात सर्वत्र कुंता यांचे ठसे आहेत.) नंतर त्यांनी दुकानातल्याच एका जुन्या यंत्राला पेनड्राइव्ह लावून, माझ्या घड्याळाने मोजून चार मिनिटांत, कोणताही शब्द न देता आत प्रवेश करून दाखवला. लाख नाही, तुटलेले सील नाही, पंचनामा नाही. “मग हे कुलूप कशासाठी?” असे मी विचारले. “लेकरायनं गेम खेळू नाही म्हणून,” त्या म्हणाल्या. “मशीनच ज्याच्या हाती पडली, त्याले काय अडवते?”

मी म्हणालो, मग माझ्याही यंत्रावर तोच उपाय करावा. परंतु तृप्तीबाईंनी हात मागे घेतला. त्यांनीच कुंता यांना एक युक्ती शिकवली होती. यंत्रात ‘रोवणा’ या नावाचा एक कप्पा असून त्याला आतून वेगळी कडी आहे. ती कडी त्या मूळ शब्दानेच उघडते. बाहेरचे दार पेनड्राइव्हने तोडले, तर प्रिंटर लगेच चालू होईल, मात्र आतली कडी कायमची बसेल, मग ती कोणालाही निघणार नाही. कडीची एक जादा किल्ली काढून ठेवता येते. ती ठेवा, असे त्यांनी बजावले होते. “काकू म्हने, दुसरी किल्ली ठेवली तं कुलूप कायचं? आता सांगा, काय करू?” मी दोन दिवसांची मुदत मागितली.

त्या दोन दिवसांत बातमी गावभर झाली आणि शेजारच्या बेबीबाई, ज्या कुंता यांच्यासोबत दरवर्षी रोवण्याला जात, तातडीने आल्या. (कुंता यांना मजुरीची गरज नव्हती. त्या गाणी ऐकण्यासाठी जात, असे त्या सांगत. मी ‘बरे’ म्हणत असे.) बेबीबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या आणि चहाही न घेता म्हणाल्या, “भाऊ, ते उघडा नोका. आमी कुंताबाईले शपथ घालून गाने भरू देल्ले होते. मानसाच्या कानावर एक बी जायाचं नाही म्हनून.” असे त्यात काय आहे, अशी मी पृच्छा केली. “आमचे सारेच हायेत त्याच्यात.” सारे म्हणजे कोण? “नवरे!” वाकून चिखलात रोप लावताना, पुरुष बांधावर नाहीत असे पाहून, या बाया आपापल्या नवऱ्यांची नावे घेऊन गाणी रचतात. कोणाचे घोरणे, कोणाची सासरी केलेली फजिती, कोणाचे त्याहून पुढचे. आजवर ते चिखलातच विरत होते. कुंता यांनी ते चार हंगाम मोबाइलमध्ये भरून घेतले आणि मग आपल्या शब्दाला जागून कडी घातली. मी उठून आत जाणार, तोच बेबीबाई म्हणाल्या, “तिनं बी म्हटलं होतं एक. मागच्या साली. तुमचं नाव घेऊन.”

मी त्यांना ते पुन्हा सांगावयास लावले. “हो, भोजराज म्हटलं ना! साऱ्या बाया हासून हासून बांधीत बसल्या. रोवना थांबला एक घंटा.” काय म्हटले होते, हे त्यांनी सांगितले नाही. मी अधीक्षकी आवाजात विचारले, मग साध्या आवाजात विचारले. उपयोग झाला नाही.

ज्या मोबाइलमध्ये ती गाणी मुळात भरली, तो आता रिकामा आहे. दिवाळीनंतर मी तो माझी भाची गुड्डी हिला दिला, आणि देण्यापूर्वी सुरक्षिततेच्या दृष्टीने, वर्तमानपत्रातील सूचनांबरहुकूम, पूर्णपणे पुसला. दोनदा पुसला. या एकाच बाबतीत मी सर्व नियम काटेकोरपणे पाळले, हे आपण ध्यानात घ्यावे.

तेव्हा तात्पर्य असे. आपल्या यंत्राचे बाहेरचे कुलूप नाममात्र असते; मौल्यवान वस्तू आतल्या कडीत ठेवावी. आतली कडी मात्र इतकी पक्की असते, की चोर, मालक आणि मालकाचा नवरा यांत ती भेद करत नाही. म्हणून तिची जादा किल्ली जिवंतपणी काढून विश्वासू माणसाकडे द्यावी. विश्वासू माणूस घरातलाच असेल, तर त्याने किल्ली देणाऱ्याकडे अधूनमधून पाहावे. तृप्तीबाईंना मी आज लेखी कळवले, की पेनड्राइव्ह लावू नये. प्रिंटर खोक्यात परत ठेवला आहे. पत्रिका हातानेच लिहीन.

सौ. शुभांगी यांस आशीर्वाद. गुडघ्याला थंडी लागू देऊ नये.

आपला,
भोजराज श्रावण हटवार

ता. क. – एकेचाळीस कलमांच्या यादीची नक्कल सोबत जोडली आहे. चुकीची कलमे आपण निःसंकोचपणे खोडावीत. सतरा व अठरा यांचे उत्तर शक्य असल्यास द्यावे.

ता. क. २ – बेबीबाईंशी तडजोड झाली आहे. शब्द मिळालाच, तर त्या आणि तृप्तीबाई आत बसतील व मी ओसरीवर. बाकीची गाणी कडीतच राहतील. माझे नाव आले, म्हणजे मला हाक मारली जाईल आणि तेवढेच ऐकवले जाईल. त्यात माझी निंदा आहे, हे गृहीत धरून मी संमती दिली आहे.

ता. क. ३ – हे पत्र खरे तर आपणांस बोलावण्यासाठी लिहिले आहे. पासवर्ड पत्राने किंवा फोनवरून कळवणे सुरक्षिततेच्या नियमांत बसत नाही. तो समक्षच सांगावा लागतो. आपण तिचे धाकटे भाऊ. शाळेत तिला काय चिडवत, ती कशाला भीत असे, माझे स्थळ आले तेव्हा घरात काय म्हणाली, मी भेटण्यापूर्वीची एकोणीस वर्षे तिने कशी काढली, यातले मला काहीही ठाऊक नाही. म्हणजे शब्द तिकडेच कुठेतरी असणार. कपडे आठ दिवसांचे आणावेत.

ता. क. ४ – आल्या आल्या शब्द आठवला, तरी तो लगेच सांगू नये. आधी बाकीचे सांगावे.