दसऱ्याचा नारळ आणि गवताची गाडी

मालाड, दसऱ्यानंतरचा मंगळवार

चि. नंदूस विमलाक्काचे आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावतोस की नुसता बाटलीकडे बघतोस? माधुरीची कोकमं पोचली म्हणून तिला सांग.

इकडे आनंद आहे. आपली दिशा (सुबोधची धाकटी) तुझ्या भावोजींकडे गवत कापायची गाडी शिकते. ह्यांच्या क्लबच्या ग्राउंडवरची ती सीटवाली, छोट्या ट्रॅक्टरसारखी, पोटाखाली पाती फिरतात ती. इंजिन बंद असताना पोर नुसती स्टेअरिंगवर बसली तरी मला कलेक्टरच वाटते. ह्यांनी तिच्याकडून सगळं घोकून घेतलंय. इंजिन तापलेलं असताना पेट्रोल ओतायचं नाही, उतारावर गाडी आडवी घालायची नाही, पात्याखालचं गवत खरवडायचं तर आधी प्लगची वायर काढायची. आणि कापायच्या आधी सगळं मैदान पायी फिरून खडे वेचायचे. (बत्तीस वर्षं वेचतायत. घरी भातात एक निघाला की ताट सरकवतात.)

तर दसऱ्याला मी म्हटलं, लोक आपापल्या गाड्या पूजतात, आपल्याला पोसणारी का उपाशी? हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली, स्टेअरिंगला झेंडूचा हार घातला. (तो ह्यांनी लगेच काढायला लावला, पट्ट्यात गेला तर वाट लागेल म्हणून.) नारळ माझ्या हातून एका फटक्यात फुटला, त्या आनंदात तुकडे कुठे उडाले ते बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मैदानाच्या दोन फेऱ्या मारून आले, साफ आहे म्हणाले आणि गाडीवर बसले. थोड्या वेळानं खाडकन आवाज. करवंटी पात्यात सापडली आणि उडून स्कोररच्या खोलीची काच फोडून आत गेली. त्याच खिडकीत दिशा बसली होती रे, चहा आणायला उठली म्हणून बरं. सेक्रेटरी धावत आले. मी हात जोडले, म्हटलं नारळ माझा, अक्कलही माझीच. ते म्हणाले, आजी, पुढच्या वर्षी नुसती उदबत्ती लावा. हे म्हणाले, हिला मैदान नि देव्हारा सारखाच. सगळे हसले, हेही हसले. मला बरं वाटलं.

तुझी,
विमलाक्का

ता. क. करवंटी गवतात लपलेली नव्हती. खोबऱ्याची पांढरी बाजू वर करून उघड्यावर पडली होती. मला कंपाउंडपासून दिसत होती. हे तिच्या शेजारून दोनदा गेले. मला वाटलं, आता वाकतील. मी हाक मारली तोवर इंजिन सुरू झालं होतं.

आणखी ता. क. डॉक्टरांनी श्रावणातच सांगितलंय. काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, गाडी चालवणं बंद. हे मला म्हणाले, कुणाला बोललीस तर बघ. आणि मी आहे तोवर सीटवर मीच, दिशानं बाजूला उभं राहून शिकायचं. म्हणून तू ह्यांना पत्र घाल. आंब्याच्या कलमांत गवत माजलंय, माणूस मिळत नाही, भावोजी तुम्हीच येऊन उभे राहा, असं लिही. (तुझ्याकडे दोन गडी आहेत ते ठाऊक आहे. त्यांना सुट्टी दे.) आले की ठेवून घे. मागून मीही येते.

अक्षर नेहमीसारखं बारीकच काढ. मोठं काढलंस तर मी सांगितल्याचं त्यांना कळेल. चष्मा सापडत नाही म्हणून ते पत्र माझ्याकडेच देतील. मला वाचायला वेळ लागतो, पण हल्ली ते थांबतात.