गंगूबाईंच्या पोटात वाजलेली गिटार

जठारपेठ, अकोला
२१ एप्रिल १९६८

सन्माननीय इवाई, आमच्या मैनेचे सासरे सहदेवराव यांना देवमनचा मनापासून जयभीम. इकडे आम्ही सगळे ठीक. तिकडे तेल्हाऱ्यात तुम्ही, ईनबाई आणि तुमचा उजवा गुडघा (मैनेनं त्याच्याबद्दल काही लिहिलं नाही, म्हणजे दुखत असावा) असे तिघेही खुशाल असावेत. ऊन यंदा असं तापलं आहे, की दुरुस्तीला आलेले रेडिओ आतल्या आत मेण गाळून राहिले, आणि गिऱ्हाईक म्हणते देवमननं जाळले.

तुमच्या मोठ्या बहीण गंगूबाई अमरावतीहून परतताना तेल्हाऱ्याला उतरल्या असतील आणि निकाल दोन शब्दांत सांगून मोकळ्याही झाल्या असतील. पण गंगूबाई फक्त निकाल सांगतात, हकीकत सांगत नाहीत. ती सांगायला मी बसलो आहे. पंख्याखाली, चहा घेऊन, जिंकलेल्या माणसानं बसावं तसा.

आपलं ठरलं होतं ते एकदा लिहून काढतो. धर्मपाल, तुमचा मुलगा आणि माझा जावई, अमरावतीच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. तुमचं पहिलं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या दारात वाजवणं आपण छप्पन साली सोडलं, तर शिकल्यासवरल्या पोरानं पुन्हा गळ्यात वाद्य काहून अडकवावं? माझा बाप लोकांच्या मांडवाबाहेर वाजवायचा आणि मांडवाबाहेरच जेवायचा. म्हणून तर मी वाजवणं सोडून आवाज मोठा करायचा धंदा धरला. पण तुमचं दुसरं म्हणणं मला फार झोंबलं. तुम्ही म्हणाले, "बरं, वाजवते तं वाजवते, पण ऐकू तरी येते काय? ढोलक ऐकू येते, क्लॅरिनेट ऐकू येते. हा नुसता उभा राहून बोटं हालवते!" लाऊडस्पीकरवाल्याचा जावई, आणि ऐकू येत नाही! शेवटी असं ठरलं, की भीमजयंतीला आपल्याच मांडवात, आपल्याच लोकांसमोर कार्यक्रम होईल, गंगूबाई शेवटच्या रांगेत बसतील. त्यांना धर्मपाल ऐकू आला, तर तुम्ही त्या वाद्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नाही आला, तर एक मेपासून धर्मपाल तुम्ही लावलेल्या नोकरीवर, मेहकरच्या कचेरीत, आणि गिटार खुंटीला.

आता त्या वाद्याची कुंडली ऐका. बास गिटार म्हणजे सपाट फळीवर चार जाड तारा. तिला सतारीसारखा भोपळा नाही, ढोलकीसारखं पोट नाही. नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतही पत्ता लागत नाही. तिचं सगळं नशीब तारांखालच्या पिकअपवर. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हालली की त्या वेढ्यांत इवलासा करंट उठतो, आणि माझं ॲम्प्लिफायरचं मशीन त्याचा आवाज करते. धर्मपालनं ही गिटार नागपूरच्या एका रेल्वेतल्या साहेबाकडून आणली तेव्हा तिचं पिकअप मेलेलं होतं. मी म्हणालो, फिकीर नको, सासरा जिवंत आहे. मिलिटरीच्या जुन्या हेडफोनमधली चुंबकं काढली, वेढे दिले (त्या चार दिवसांत घरात कोणाला शिंकायचीही परवानगी नव्हती) आणि पिकअप तयार केलं.

इथपर्यंत मी हुशार होतो. साहेबाचं जुनं पिकअप फळीच्या साधारण मध्यावर, दांडीकडे थोडं झुकून होतं. मला त्या साहेबाची कीव आली. मी उभ्या वऱ्हाडात भाषणांना माईक लावले आहेत. माईक तोंडाजवळ लावायचा असतो, छातीजवळ नाही. तारेचं तोंड कुठं? जिथं ती घोडीवर टेकते आणि लाकडाला भेटते, तिथं! झालं. जुन्या पिकअपच्या भोकावर मी पत्रा ठोकला आणि पिकअप थेट घोडीला चिकटवून बसवलं. मशीनचा आवाज पूर्ण सोडला.

जानेवारीत अकोल्याला कार्यक्रम झाला. गंगूबाई सहज म्हणून आल्या होत्या. संपल्यावर जवळ आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "देवमनभाऊ, तुमचा जवाई गिटार वाजवत होता, का टिनावर तुरी पाखडत होता?" (ही गोष्ट मी तेव्हा तुम्हाला कळवली नव्हती. त्यांनी कळवली असेल.)

मी आधी दोष भोंग्यांना दिला. भोंगे काढून लाकडी खोक्यातला मोठा स्पीकर आणला, तरी टणटण. मग मशीनला, मग तारांना, मग धर्मपालच्या बोटांना. तो गरीब म्हणाला, "मामाजी, बोटं बदलू का?" मैनेनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी बोटांचा विषय सोडून दिला.

अक्कल आली ती दुकानासमोर. एक पिंजारी कोणाच्या तरी गादीचा कापूस पिंजत बसला होता. त्याच्या कमानीची तार आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण पाहतो कोण? त्या दिवशी पाहिली. ठोका पडला की तार मध्यात तळहाताएवढी रुंद दिसे आणि टोकाला, जिथं बांधली होती, तिथं जेमतेम थरथरे. माझ्या हातातलं सोल्डरिंग आयर्न तसंच राहिलं. अरे, मी तर तारेला जिथं करकचून बांधलं आहे तिथंच कान लावला! बांधलेला माणूस मोकळं काय बोलणार? तिथं नुसती तिची किरकिर ऐकू येते; तिचा झोका, तिचं अंग, सगळं इकडे मोकळ्या जागेत.

तडक अमरावतीची गाडी पकडली. पिकअपचे स्क्रू काढले, लांब वायर जोडली, ते हातात धरलं आणि धर्मपालला एकच तार छेडत राहायला सांगून तारांवरून इस्त्रीसारखं हळूहळू सरकवत नेलं. इवाई, काय सांगू! घोडीजवळ टणटण. चार बोटं पुढे आलो तर आवाजाला अंग आलं. आणखी पुढे, भरदार, गोल. पार दांडीजवळ नेलं तर ढुम्म ढुम्म, पण सूर कोणता ते कळेना. कोणी गोधडीत तोंड घालून भाषण करावं तसं. मग जरा मागे घेतलं, कान टवकारले, म्हणालो, "बस, इथंच!" आणि खाली पाहिलं, तर पिकअप बरोबर मी ठोकलेल्या पत्र्यावर उभं होतं. धर्मपाल हसला नाही. संस्कार तुमचे. मैना हसली. संस्कार आमचे.

पण मी नुसता साहेबाच्या जागी परत जाणारा माणूस नाही. दोन भोकं आहेत तर दोन पिकअप! पहिलं घोडीपाशी परत लावलं, दुसरं केलं, पत्रा उपटून तिथं बसवलं, दोन्ही सुरू केली, आणि आवाजाचं बूडच गेलं. एकेकटे बरे बोलत. एकत्र आले की एक ढकले तेव्हा दुसरा ओढे. भावकीत जमीन वाटून घेतात ना, तसं. शेवटी एकाच्या दोन वायरी उलट्या जोडल्या आणि दोघे एका दिशेनं चालू लागले. मग प्रत्येकाला स्वतंत्र बटन दिलं: दांडीकडचं भरपूर, म्हणजे पोट, घोडीकडचं चिमूटभर, म्हणजे प्रत्येक सूर सुटा.

आता जयंतीचा कार्यक्रम. मांडव गच्च. गंगूबाई ठरल्याप्रमाणे शेवटच्या रांगेत, चटईवर, बाजूला चार ओळखीच्या बाया. दोन गाणी झाली. तिसरं रंगात आलं आणि धर्मपालच्या गिटारची वायर मशीनमधून निसटली. ढोलक सुरू, क्लॅरिनेट सुरू, गाणारी मुलगी सुरू. पुढच्या रांगेतल्या शहाण्या मंडळींना काही कळलंही नाही. आणि शेवटच्या रांगेतून गंगूबाई उभ्या! बाजूच्या बाया पदर ओढत होत्या, पण त्या मांडवभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "अरे धरम्या, काहून थांबला? घराखालचं जोतं काढून घेतल्यावानी झालं ना!"

(माईकशिवाय. मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, तो गळा वाया गेला.)

वायर पुन्हा लागली, धर्मपालनं तार छेडली, आणि त्या, "हां, आता कसं," म्हणून खाली बसल्या. नंतर मी मुद्दाम विचारलं, ऐकू आला काय? म्हणाल्या, "कानात नाही आला, भाऊ. इथं आला," आणि पोटावर हात ठेवला. मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "आपल्या मांडवात, मधोमध उभा होता पोरगा." इवाई, तुमच्या पहिल्या म्हणण्याचं, दुसऱ्याच्या दारात वाजवण्याचं, उत्तर तुम्हाला हवं होतं ना? ते त्यांनीच दिलं.

तर आपण हरलात. आनंदानं हरावं. ईनबाईंना नमस्कार, गुडघ्याला एरंडेल.

आपला,
देवमन

ता. क. तुम्ही शब्दाचे पक्के, म्हणून भीती वाटते. हरलो म्हणून मेहकरच्या नोकरीचा हुकूम रागारागानं फाडून टाकू नका. धर्मपाल नोकरीला नाही म्हणत नाही. ऑर्केस्ट्रा सुटीच्या दिवशी असतो, त्याला दोन्ही पाहिजे. पण मेहकरहून दर खेपेला गिटार घेऊन अमरावती गाठायची म्हणजे पोरगं एसटीतच म्हातारं होईल. तुमची कचेरीच्या साहेबांशी ओळख आहे. मेहकरचं अमरावती झालं तर बरं होईल. पत्र एवढ्याचसाठी होतं. वरचं सगळं आनंदाच्या भरात लिहिलं गेलं.

आणखी ता. क. ती वायर निसटली नव्हती. मी ओढली. दोन गाणी होऊनही गंगूबाई शांतपणे सुपारी कातरत होत्या. त्यांना ऐकू येत होतं, पण ऐकू येते हे त्यांना कळत नव्हतं. बास असाच असते, असेपर्यंत कोणी विचारत नाही. तुम्ही न्यायी आहात, वायर माझ्या हातानं निघाली, पण उठून उभ्या त्या राहिल्या. तरी हे त्यांना सांगायचंच असेल, तर अमरावतीचा हुकूम हाती आल्यावर सांगा.