नात्याचं कुणी नाही

अल्माटी, १४ मार्च

ओमिरझाक आगांना धाकट्या बहिणीचा सलाम.

तुम्ही आणलेलं घोड्याचं मांस शेजाऱ्यांनीही चाखलं. तब्येत बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो जुनाच.

आता कामाचं. झान्दोसचा संशोधन-निधीचा प्रस्ताव तपासायला माझ्याकडेच आला. "आत्याच परीक्षक आहे, काळजी कसली," असं तुम्ही त्याला सांगितलं होतंत ना? मीही 'अर्जदारांत माझ्या नात्याचं कुणी नाही' या ओळीखाली मुकाट सही केली. मग वाचायला बसले.

तुमचे चिरंजीव नवव्या पानावर म्हणतात, शिंगरं तीन किलोमीटरवरच्या गोठ्यात ठेवायची आणि इकडे घोड्यांची दिवसातून पाच वेळा धार काढायची. आगा, तुम्ही जन्मभर धारा काढल्यात. शिंगरू जवळ नसताना घोडी पान्हा सोडते का? तुम्हीच परीक्षक व्हा आणि शंभरपैकी किती देता ते सांगा. मी आधी खूप हसले, मग लाज वाटली. आपल्याच घरचं पोर, आणि धारेच्या वेळी घोडीजवळ दोरीला बांधलेलं शिंगरू त्यानं कधी नीट पाहिलं नाही.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "मागे दिलेस ना गुण? तेव्हा कुठे आभाळ कोसळलं?"

कोसळलं होतं. तुम्हाला सांगायला जीभ रेटली नाही, एवढंच. तुमच्या व्याह्यांच्या मुलाला मी ब्याण्णव दिले, त्या वर्षी रायखान नावाच्या मुलीचा निधी दोन गुणांनी हुकला. मेंढ्यांपासून मेंढपाळांना होणाऱ्या तापावर ती काम करायची. एका सभेत मी तिला ऐकलं होतं. गेल्या महिन्यात पडद्याचं कापड घ्यायला बाजारात गेले, तर मोजून देणारी तीच. परीक्षकांची नावं गुप्त असतात, तिला काय ठाऊक. तिनं मला आपा म्हटलं आणि वीतभर कापड जास्त दिलं. मी ते घेऊन घरी आले.

आज सकाळी निधी-परिषदेला लेखी कळवलं. झान्दोस माझा भाचा आहे, सही खोटी आहे, आणि ते ब्याण्णवही खोटे होते. परीक्षकांच्या यादीतून माझं नाव जाईल, बहुधा नोकरीही जाईल. जाऊ दे. झान्दोसचा प्रस्ताव आता दुसरे तपासतील, आणि नववं पान त्यांनाही दिसेलच. राग माझ्यावर काढा, पोरावर नको. त्याला एक उन्हाळा घोड्यांजवळ ठेवा.

तुम्ही बोलावलं नाहीत तरी नौरोजच्या जेवणाला मी येणार. काय बोलायचं ते सगळ्यांदेखत तोंडावर बोला. मी मान खाली घालणार नाही.

त्याआधी, उद्या रायखानच्या दुकानात जाते. तिला माझं नाव सांगायचं आहे.

तुमचीच, पण यापुढे तुमच्या शब्दाखातर सही न करणारी,
झेयनेगुल