सात स्थळं, दोन तास

२ जून, सोमवार. सकाळी ९.५०
निवृत्तीचा पहिला दिवस. चौतीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात, त्यातली एकोणतीस खिडकी क्रमांक चारवर. या वेळेला तिथे रांग लागली असेल आणि आत कोण बसलं असेल देव जाणे.
ही (बायको) ग्रंथालयात गेली. तिची नोकरी अजून तीन वर्षं आहे. जाताना म्हणाली, पेपर वाचा, आराम करा. आराम करणाऱ्यातला मी नाही. पेपर वाचून झाला. जरा पडलो होतो.

त्याच दिवशी, ११.३०
बाल्कनीतून पाहिलं. एक जोडपं, हातात सुटकेस, मुलाला हॉस्टेलवर सोडून आलेलं. खालच्या टेलरला विचारत होते, गाडीला चार तास आहेत, इथे पाहण्यासारखं काय आहे? टेलर म्हणाला, तसं काही नाही, बसस्टँड डावीकडे.
रक्त उसळलं. एवढं जुनं कॉलेज, त्याच्याभोवती वसलेलं गाव, आणि टेलर म्हणतो काही नाही!
निर्णय: दर रविवारी पायी सहल. ‘सात स्थळं, दोन तास.’ मार्गदर्शक मी.

३ जून, मंगळवार
यादी पक्की. १) खिडकी क्रमांक चार (बाहेरून). २) मुख्य इमारतीचा जिना. ३) दगडांचं संग्रहालय. ४) वनस्पती उद्यान. ५) वेधशाळेचा घुमट. ६) नदीवरचा पायपूल. ७) ग्रंथालयाचं जुनं वाचनदालन. हिला वाईट वाटू नये म्हणून सातवं घातलं.
हिला यादी वाचून दाखवली. तिने विचारलं, तुम्ही यातलं काय काय पाहिलंय? मी म्हटलं, चौतीस वर्षं काढली आहेत या कॉलेजात. ती म्हणाली, म्हणूनच विचारतेय.
प्रश्नाचा रोख कळला नाही.

४ जून, बुधवार
कॉलेजकडे अर्ज केला: ‘अधिकृत अभ्यागत मार्गदर्शक’ म्हणून मान्यता मिळावी. तीन पानं, सहा जोडपत्रं. निर्णय नव्या उपप्राचार्याबाईंकडे. त्या याच महिन्यात बाहेरगावहून रुजू झाल्यात. त्यांनी मला अजून पाहिलेलं नाही, मी त्यांना पाहिलेलं नाही. एकदा पाहतील तर प्रश्नच मिटेल.
संध्याकाळी मुलीचा फोन. नेहमीचंच, आईची नोकरी संपली की दोघं माझ्याकडे राहायला या. मी म्हटलं, गावाला आत्ताच माझी गरज आहे. ती म्हणाली, बाबा, आईला फोन द्या.

५ जून, गुरुवार
संकल्प: रविवारच्या आत सातही स्थळं स्वतः पाहून टिपणं काढणे.
सकाळी निघालो. वाटेत खिडकी चार लागली. नवा क्लार्क अर्जावर शिक्का उजवीकडे मारत होता. शिक्का डावीकडे का मारायचा हे त्याला समजावून सांगितलं. मग रजिस्टर कसं उघडायचं तेही. दीड वाजता त्याने फार नम्रपणे विचारलं की काका, तुम्ही काचेच्या त्या बाजूला उभे राहाल का. माणूस शिकेल हळूहळू.
बाकीची सहा उद्या.

६ जून, शुक्रवार
ऊन फार.

७ जून, शनिवार
विचार केला. आधीच सगळं पाहून ठेवलं तर सांगण्यातला ताजेपणा जातो. अभ्यास पुरे झाला.

८ जून, रविवार. सकाळी १०.१५
कोणी आलं नाही. बसस्टँडवर आणि हॉस्टेलच्या फाटकावर नोटीस लावली होती. अकरा नियम, जमण्याचं ठिकाण, पोशाखाविषयी सूचना, सगळं होतं. मी घरी आल्यावर हिने नोटिशीची प्रत वाचली आणि विचारलं, वेळ कुठे लिहिलीय?
लोकांनी चौकशी करायला हवी होती. जिज्ञासा उरलेली नाही.

१५ जून, रविवार. दुपारी १
पहिली सहल यशस्वी! उपस्थिती: एक.
मध्यम वयाचे गृहस्थ, सुतारकाम करतात. मुलीला परवा हॉस्टेलवर सोडलं, तरी अजून परतले नव्हते. दोन दिवस लॉजवर राहून गावातून नुसते फिरत होते. नोटीस (आता वेळेसह) दिसली म्हणून आले.
खिडकी चारपासून सुरुवात. पस्तीस मिनिटं बोललो. प्रवेशअर्जाचे क्रमांक कसे पडतात, मूळ दाखला कुठे जातो, वडिलांच्या सहीच्या रकान्यात लोक कशा चुका करतात. एवढ्यात पाहतो तो गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी. इतक्या वर्षांत ऑफिसच्या कामाचं मोल ओळखणारा पहिला माणूस!
ही हौसेने पाण्याची बाटली घेऊन आली होती. तिने त्यांना बाजूला बाकावर बसवलं. मग मला म्हणाली की यांना आपण थेट सातव्या स्थळी नेऊ. मधली पाच गाळायची? पण उपस्थिती एकच असल्याने वाद घातला नाही.
वाचनदालनाच्या शेवटच्या खिडकीतून मुलींच्या हॉस्टेलचा व्हरांडा दिसतो म्हणे. मला माहीत नव्हतं. अर्थात ते अधिकृत माहितीत मोडत नाही. गृहस्थ तिथे बराच वेळ उभे राहिले. मुलगी व्हरांड्यात दोन मैत्रिणींबरोबर कपडे वाळत घालत होती आणि मोठ्याने हसत होती. त्यांनी हाक मारली नाही. दुपारच्या गाडीने गेले. जाताना हिचे आभार मानले. पाण्यासाठी असावेत.

२२ जून, रविवार. दुपारी ३
उपस्थिती: नऊ. सुतारांनी लॉजवाल्याला सांगितलं आणि लॉजवाल्याने सगळ्यांना. कीर्ती पसरते आहे.
जिना: पायऱ्या चौसष्ट असल्याचं सांगितलं. एका आठ वर्षांच्या मुलीने चढताना मोजल्या, एकेचाळीस भरल्या. हल्लीच्या मुलांचं गणित कच्चं.
संग्रहालय: दाराला कुलूप. दारावर नोटीस, ‘रविवारी बंद.’ नोटीस मीच टाइप केली होती, बावीस वर्षांपूर्वी. समास दोन्हीकडून सारखा, एकही खाडाखोड नाही. सर्वांना जवळून दाखवली.
उद्यान: एक झाड पार आडवं पसरलंय, खाली टेकू दिलेले. मी सांगितलं की संस्थापकांनी कलात्मक दृष्टीने तशी योजना केली होती. तिथली माळीणबाई खुरपं ठेवून उठली आणि म्हणाली की एका वादळात पडलं ते. ती तेव्हा कामावर नवीन होती म्हणे. दोन मतप्रवाह असू शकतात, एवढं बोलून मी पुढे निघालो. लोक निघेनात. ही माळीणबाईला म्हणाली, सांगा ना यांना दोरखंडाचं. मला उशीर होत होता, त्यामुळे दोरखंडाचं काय ते ऐकलं नाही. पायपुलावर वीस मिनिटं एकटाच उभा होतो.
हिला मार्गदर्शनाची थोडी समज येऊ लागलीय. माझ्याबरोबर राहून येणारच.

२७ जून, शुक्रवार
आतल्या गोटातून बातमी. (नवा क्लार्क. आता त्याच्याशी काचेच्या बाहेरून बोलतो.) उपप्राचार्याबाई माझ्या अर्जावर निर्णय घेण्याआधी सहल न सांगता पाहणार आहेत.
संकल्प: १) या रविवारी सर्व माहिती तपासून सांगणे. २) घुमट हे मुख्य आकर्षण करणे. ३) हिला कमी बोलायला सांगणे. तिसरा संकल्प अजून तिला कळवलेला नाही.

२९ जून, रविवार. संध्याकाळी ६
मन शांत ठेवून क्रमाने लिहितो.
उपस्थिती: अकरा. त्यात एक राखाडी छत्रीवाल्या बाई. पालक असाव्यात. खिडकी चारपाशी त्यांनी आस्थेने विचारलं की कॉलेजचा कारभार कसा चालतो. बरं वाटलं. मोकळेपणाने सांगितलं की आजवर ठीक होता, पण आता बाहेरगावहून कोणी नव्या उपप्राचार्या आणल्यात, त्यांना इथलं ओ की ठो कळत नसणार, वर्षभर टिकल्या तर मिळवली. बाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.
मुख्य आकर्षण म्हणून या वेळी घुमट दुसऱ्या क्रमांकावर घेतला होता. वेधशाळेचं दार उघडं दिसलं, आत झाडलोट चालू होती. सगळे जरा पलीकडे नळावर पाणी पीत होते. म्हटलं, आधी आपण वर जाऊन दुर्बीण कुठे आहे ते पाहून येऊ, म्हणजे अधिकाराने सांगता येईल. अरुंद, गोल जिना. वर पोहोचेपर्यंत धाप लागली. दुर्बिणीवर कापड. तेवढ्यात खाली दार लागलं आणि बाहेरून कडी पडली. झाडणाऱ्या बाई काम आटोपून गेल्या.
हाका मारल्या. घुमटात आवाज फार घुमतो, बाहेर मात्र जात नाही. (ही माहिती पुढच्या सहलीत घालावी.) फोन हिच्या पर्समध्ये.
घुमटाला एक उभी फट आहे. तिच्यातून खाली पाहिलं. ही इकडेतिकडे बघत होती, मग ऑफिसच्या दिशेने हात करून लोकांना काहीतरी म्हणाली. मी खिडकी चारवर गेलो असं तिला वाटलं असणार. नंतर ती पुढे झाली आणि अकराही जण तिच्या मागे.
एक तास पन्नास मिनिटं वर होतो. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून पाहत राहिलो. नदी उद्यानाला वळसा घालून जाते, हे नकाशावर तितकंसं कळत नाही. पुलाचे खांब पाण्यात उलटे दिसतात. ऑफिसची इमारतही दिसली. खिडकी चार कुठली ते मात्र वरून ओळखू येत नाही, सगळ्या सारख्याच. आडवं झाड वरून पाहिलं तर पूर्ण फुललेलं आहे, पांढरं. त्याच्याभोवती हे सगळे उभे. ही हातवारे करून सांगत होती. हिचे हातवारे मी कधी पाहिले नव्हते. घरी ती असं बोलत नाही. की मी पाहत नाही, कोण जाणे. मध्येच सगळे हसले. छत्रीवाल्या बाईंनी छत्री मिटून गवतावर टाकली होती.
शेवटी पहारेकऱ्याने कडी काढली. खाली आलो तोवर सहल संपली होती. मी नव्हतो हे कोणाच्या ध्यानात आलेलं दिसलं नाही. जबाबदारी वाटून देणं हे उत्तम प्रशासकाचं लक्षण आहे.

त्याच दिवशी, ७.३०
चहा घेताना हिला सहज विचारलं की त्या झाडापाशी इतकं काय सांगत होतीस. ती कप खाली ठेवून म्हणाली, “चौतीस वर्षं तुम्हाला सांगत होते, जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं माझ्याबरोबर चला, ते झाड फुललंय. तुम्ही म्हणायचात, रांग आहे.”
रांग खरंच असायची. पण सुट्टीत खिडकी बंद असते, हेही खरं.
ही एकटीच जायची का, ते विचारावंसं वाटलं. बिस्किटं संपली होती, ती आणायला उठलो.

४ जुलै, शुक्रवार. दुपारी १२.१०
कॉलेजचं पत्र. जावक क्रमांक चुकीच्या जागी. सही उपप्राचार्यांची. पत्रात लिहिलंय की त्यांनी रविवारची सहल ‘राखाडी छत्रीसह’ स्वतः अनुभवली, त्यांना ती अतिशय आवडली आणि कॉलेजतर्फे ती कायम सुरू राहावी अशी त्यांची इच्छा आहे.
अभिनंदन मनातल्या मनात स्वीकारलं. मग दुसरा परिच्छेद वाचला.
मार्गदर्शक म्हणून हिची नेमणूक. मला ‘सहायक (पिछाडी)’. काम: सर्वांत मागून चालणे, कोणी रेंगाळल्यास पुढे आणणे, दारं बंद होणार नाहीत याकडे लक्ष ठेवणे. खाली शाईने एक ओळ: वर्षभर टिकण्याचा प्रयत्न करीन.
‘पिछाडी’ हा शब्द पूर्वी कधी ऑफिसच्या पत्रव्यवहारात वापरलेला आठवत नाही. बाकी पत्र ठीक.

४ जुलै. संध्याकाळी ६.३०
हिला पत्र दाखवलं. दोनदा वाचलं तिने. म्हणाली, तुम्हाला नको असेल तर मी नाही म्हणून कळवते. तिचा चेहरा पाहिला. हो म्हण असं सांगितलं. मीही स्वीकारतो आहे, अर्थात अनुभवी माणूस मागे लागतोच.
मुलीला फोनवर सांगितलं की कॉलेजने आम्हा दोघांना घेतलं. ती आईशी पाऊण तास बोलली.

६ जुलै, रविवार. दुपारी २
पहिली अधिकृत सहल. उपस्थिती: चौदा. नऊ वाजता निघालो. खिडकी चार वगळली आहे, संग्रहालय आता रविवारीही उघडतात. एकूण सहा स्थळं, तरी अडीच तास लागले, कारण ही प्रत्येक ठिकाणी थांबते.
दारं सांभाळली. एकही लागलं नाही.
झाडापाशी सगळ्यांत मागे उभा होतो. वादळात ते कोसळलं तेव्हा कापायला माणसं आली होती. माळीणबाई बुंध्यावर बसून राहिली. मग हॉस्टेलची मुलंमुली व्यायामशाळेतले रस्सीखेचीचे दोरखंड घेऊन आली आणि टेकू लागेपर्यंत तीन दिवस पाळीपाळीने झाड धरून उभी राहिली. ग्रंथालयातून त्यांना चहा जायचा. तो कोण न्यायचं, हे हिने सांगितलं नाही, पण माळीणबाई हिच्याकडे बघून हसली. ते तीन दिवस मला आठवतात. गैरहजेरीचे अर्ज फार आले होते. सगळे मी फेटाळले.
फांदीखालून जाताना डोक्यावर फुलं पडली. झटकली नाहीत, हातात फाइल होती.
शेजारी एक वयस्क गृहस्थ होते, नातवाला भेटायला आलेले. हळूच म्हणाले की छान आहे हो गाव, आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मग त्यांनी विचारलं, तुम्हीही पहिल्यांदाच आलात का?
मी हो म्हटलं. तिथे उभ्या उभ्या सगळं समजावत कोण बसणार.