बिनवायरचे गिअर

आप्पा, मी नवी सायकल घेतेय. म्हणजे घ्यायची म्हणतेय. तीन आठवडे झाले, गंगापूर रोडवरच्या एका दुकानात जाते, दोन सायकलींसमोर उभी राहते, दोन्हींचे हँडल धरून बघते आणि "विचार करून सांगते" म्हणून परत येते. दुकानदार आता मला बघून खुर्चीवरून उठतसुद्धा नाही. तुम्ही गेल्यानंतर तुम्हाला कळवण्यासारखं कितीतरी घडलं. माझं लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकून पुण्याला नोकरीला लागली. त्यातलं काही लिहावंसं वाटलं नाही आणि सायकलीवरून मात्र वही घेऊन बसले. दुसऱ्या कोणाच्या वडिलांना याचं वाईट वाटलं असतं, तुम्हाला वाटणार नाही.

जुनी सायकल चौदा वर्षं चालवली. रोज ऑफिसला आणि रविवारी धरणापर्यंत. गेल्या महिन्यात तिची फ्रेम पेडलपाशी तडकली. वेल्डिंग करून घेऊ म्हटलं, तर वेल्डिंगवाल्याने हात जोडले. तेव्हा ठरवलं की आता हलकी, लांब पल्ल्याची घ्यायची, पण शोभेची नको. टायर जरा रुंद हवा, कारण आपले रस्ते तुम्हाला माहीतच आहेत, ते सुधारलेत असा गैरसमज करून घेऊ नका. मडगार्ड बसायला हवं, मागे डबा आणि पर्स अडकवायला कॅरिअर हवं. हँडल तो खाली वळलेला, मेंढ्याच्या शिंगांसारखा. तुम्ही त्याला नाटकी हँडल म्हणायचात, पण तो तीन-चार ठिकाणी धरता येतो. एका जागी हात आखडला की दुसरीकडे न्यायचा, हे त्याचं सुख मला आत्ता कळलं.

दोन्ही सायकली यात बसतात. दिसायला अगदी सख्ख्या बहिणी. फरक एवढाच की एकीचे गिअर वायरीवर चालतात आणि दुसरीला गिअरची वायरच नाही. खरंच नाही. हँडलपाशी बटण आहे, ते दाबलं की मागच्या चाकाजवळची इवलीशी मोटर साखळी उचलून दुसऱ्या दात्यांवर ठेवते. मधे काही जोडलेलं नाही. तुम्ही असता तर आधी सायकल उलटी करून वायर कुठे लपवलीय ते शोधलं असतंत, आणि नाही सापडली म्हणून दुकानदाराला खोटारडा ठरवून चहा न घेता बाहेर पडला असतात. किंमत सांगत नाही. तुम्ही एकदा गेलात तेवढं पुरे.

दुकानदार भला माणूस आहे, माझ्याच वयाचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का? तुम्हाला ती बटणाची कशाला? रोजच्या वापराला वायरवालीच बेस्ट. उद्या निफाडकडे कुठे अडकलात तरी कोणीपण दुरुस्त करून देईल. हिचं चार्जिंग, हिचं सगळं वेगळं."

"हौस म्हणून," मी म्हटलं.

"हौस असेल तर रंगाची करा ना. गिअरमध्ये कसली हौस?"

त्याचं म्हणणं रास्त होतं, तुम्हीही हेच सांगितलं असतंत. त्याने वायरवाली तासभर चालवायला दिली. सोमेश्वरपर्यंत मजेत गेले. पुढच्या चढावर हलका गिअर हवा होता. त्यासाठी ब्रेकच्या मागची पट्टी उजव्या हाताच्या बोटांनी आत लांबवर ढकलावी लागते. बोटं अर्ध्यावर गेली आणि थांबली. पुन्हा ढकललं, पुन्हा तेच. मागून दोन सायकलवाले येत होते, म्हणून मी घाईघाईने उतरले, फोन कानाला लावला आणि "हो हो, पोचतेच आहे" असं पलीकडे कोणी नसताना म्हणत, सायकल हातात धरून तो चढ चढले. एक्कावन्न वर्षांची बाई, आणि ही थेरं.

मला आमवात झालाय, आप्पा. दोन वर्षं होत आली. सकाळी बोटं मिटत नाहीत, कोमट पाण्यात धरून बसावं लागतं. दुपारपर्यंत बरी होतात, पण जोर येत नाही. डॉक्टर म्हणतात सायकल चालवा, हात वापरा, फक्त ओढाताण नको. डॉक्टर सोडून कोणाला बोलले नाहीये. तुम्ही न पाहिलेल्या तुमच्या जावयांकडून कणीक मळून घेते आणि वर त्यांना सांगते की तुमच्या हातची कणीक फार मऊ होते. भोळा माणूस, त्यांना ते खरं वाटतं. परवा ते शेजारणीलाही हेच ऐकवत होते. मी आत उभी राहून ऐकलं आणि एकदम पंचवटीतलं आपलं दुकान डोळ्यांपुढे आलं.

दिंडोरी नाक्याजवळचं ते पत्र्याचं दुकान. आई गेल्यावर घर म्हणजे आपण दोघं, आणि घरापेक्षा जास्त दुकानातच. मी शाळेतून आले की दप्तर ठेवून पंक्चर काढायला बसायचे. 'पंक्चर काढणारी पोरगी' म्हणून लोक लांबून बघायला यायचे आणि तुम्ही त्यांना हवा भरल्याशिवाय जाऊ द्यायचा नाहीत. तुमची एक पद्धत अख्ख्या नाक्याला माहीत होती. दुरुस्ती झाली की शेवटचा नट तुम्ही पूर्ण कसायचा नाहीत. पाव फेरा राखून ठेवायचात, पाना गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचात आणि म्हणायचात, "घ्या, सायकल तुमची आहे, तुमचा हात लागू द्या." बायका लाजायच्या. कॉलेजची पोरं दात-ओठ खाऊन जोर लावायची, तेव्हा तुम्ही ओरडायचात, "अरे, नट आहे तो, नारळ नाही!" मग दोन बोटांनी तो नट चाचपून बघायचात आणि "झालं" म्हणायचात. त्या "झालं"वर लोक डोळे मिटून उतारावर सायकली सोडायचे.

मी नोकरीसाठी परीक्षा देत होते त्या वर्षी ती पद्धत हळूहळू बदलली. पाव फेऱ्याचा अर्धा झाला, अर्ध्याचे दोन झाले. शेवटी शेवटी तुम्ही नट नुसता बोल्टच्या आट्यांवर टेकवून पाना पुढे करत होतात. लोक हसत हसत कसायचे, त्यांना त्यात मौज वाटायची. कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

मखमलाबादहून येणारे दूधवाले काका आठवतात? दोन्ही बाजूंना किटल्या आणि सळईचे ब्रेक. त्या दिवशी त्यांना घाई होती. तुम्ही पाना दिलात, त्यांनी एकदाच पिळला, तुम्ही दोन बोटांनी चाचपलं आणि म्हणालात, "झालं." नदीकडच्या उतारावर सळई निसटली. अर्ध्या तासाने ते सायकल ढकलत परत आले. गुडघा फुटलेला, सदरा दुधाने भिजलेला. दुकानापुढे चार-पाच माणसं उभी आहेत. तुम्ही पुढे येता, वाकून त्यांच्या गुडघ्याकडे बघता. आणि तेच तुम्हाला समजावतात, "म्याच नीट नाय आवळला, आप्पा. घाई लय होती. तुमचा काय दोष हाय त्यात?"

आणि मी टायर हातातून खाली टाकते आणि सगळ्यांसमोर म्हणते, "दोष कसा नाही? लोकांकडून कामं करून घेता आणि वर पद्धत म्हणून मिरवता. हातून होत नसेल तर बंद करा ना दुकान!"

"पोरी, बापाशी असं बोलू नाय," काका म्हणाले.

तुम्ही म्हणालात, "बरोबर बोलतेय ती." फडक्याला हात पुसलेत. ते पुसणं बराच वेळ चाललं होतं. मग पाना माझ्यापुढे धरलात. "तू कस. तुझा हात घट्ट आहे." मी कसला. रागाच्या भरात इतका कसला की पुढे तो काढायला काकांना म्हणे पान्यावर पाय द्यावा लागला. महिन्याभराने दुकान बंद झालं. विचारणाऱ्याला तुम्ही सांगत होतात, "पोरगी नोकरीला लागली, आता कशाला राबायचं?" बोटांबद्दल तुम्ही शेवटपर्यंत चकार शब्द काढला नाहीत, मीही विचारलं नाही. तीन वर्षांनी तुम्ही गेलात.

काल पुन्हा दुकानात गेले. वायरवाली नक्की करून टाकायची, चढ आले की उतरून चालायचं आणि एक दिवस हळूच सायकल सोडून द्यायची, असं मनाशी ठरवूनच गेले होते. लोकांना सांगायला वय होतंच. दुकानदार बसल्या बसल्या म्हणाला, "मॅडम, आज तरी रंग ठरवा."

"रंग राहू द्या," मी म्हटलं. "माझी बोटं चालत नाहीत." हे जरा मोठ्यानेच निघालं. लहान मुलीसाठी सायकल बघणारं एक जोडपं वळून बघू लागलं. मग थांबताच आलं नाही. त्या पट्टीला जो जोर लागतो तो मला नाही, सकाळी लवकर तर मुळीच नाही, मला बटणाचीच हवी, आणि हौस वगैरे काही नाही, हे सगळं एका दमात सांगून टाकलं.

तो उठून उभा राहिला. "मग आधी सांगायचं ना, मॅडम! मी तीन आठवडे तुम्हाला उलटंच सांगत बसलोय." त्याने बटणवाली बाहेर काढली, बारीकसा पाना घेऊन ब्रेकची पट्टी माझ्या बोटांजवळ आणली, आणखी जवळ आणली. "आता बघा. दुखतंय का?" कुठलं बटण कशासाठी तेही फोनवरून बदलता येतं म्हणाला. महिन्याकाठी एकदा-दोनदा चार्जिंग करायचं. विसरलात तर असेल त्या गिअरवर अडकेल, पण घरी याल. "आणि बिघडली तर दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका, माझ्याकडेच आणा." त्याचं हे शेवटचं वाक्य ऐकून तुमचं त्याच्याशी जमलं असतं असं वाटलं.

त्याच चढावर नेली. बोट टेकवलं. मागे बारीक झुंई झालं आणि पायाखालचं ओझं उतरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा उतरलं. मी न उतरता वर गेले, आप्पा. चढ संपेपर्यंत रडत होते. मागच्या सायकलवाल्यांना काय वाटायचं ते वाटो म्हटलं. तुम्हाला कोणी असं काही दिलं नाही, देण्यासारखं तेव्हा नव्हतंच. पण कोणी विचारलं असतं तरी चाललं असतं, आणि विचारायला मीच होते.

तुमच्याबद्दल बोलणं निघालं की मी सांगते, तेव्हा आम्हाला कळलंच नाही हो, त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. आप्पा, मला माहीत होतं. दूधवाल्या काकांच्या आधी महिनाभर, एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून मी तुम्हाला पाहिलं होतं. तुम्ही आरशासमोर सदऱ्याची गुंडी लावत होतात. तीनदा प्रयत्न केलात. दातांनी ओढून पाहिलीत. मग उघड्या सदऱ्यावर स्वेटर चढवलात, ऐन उन्हाळ्यात. मी मागे सरकले आणि मी येतेय हे तुम्हाला कळावं म्हणून भांडी वाजवली. त्याच आठवड्यात माझी नोकरीची ऑर्डर आली होती. तुमची बोटं गेलीत असं मी मान्य केलं असतं, तर दुकानात बसायला माझ्याशिवाय कोण होतं? मला तुम्ही आळशी झालेले हवे होतात, हट्टी झालेले हवे होतात. तशा माणसावर चिडून घराबाहेर पडता येतं. म्हणून चार माणसांत तसं बोलले, आणि तुम्ही मला बरोबर ठरवलंत.

दुकानदाराला बोटांचं सांगितलं. आज सकाळी जावयांनाही सांगितलं, ते बराच वेळ माझा हात हातात घेऊन बसले होते. हे मात्र त्यांना सांगितलेलं नाही. आत्ता ते दारात येऊन विचारून गेले, इतकं काय लिहितेस? मी वहीवर हात ठेवला आणि म्हटलं, सायकलीबरोबर काय काय घ्यायचं त्याची यादी करतेय.