पेटीतला कडुनिंबाचा पाला

बाई, आपल्या रविवारच्या गाण्याचा इतिहास छापायचाय, आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलंय. तुम्ही असतात तर हसला असतात. तुमच्या शेजारच्या घरातली मी सून, साधं चार ओळींचं पत्र लिहायचं तरी आठ दिवस टाळणारी. पण तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात भरवलेली पहिली बैठक पाहिलेली आता मी एकटीच उरले, म्हणून हल्ली गाणं चालवणारी पोरंपोरी वही घेऊन माझ्याच दारात आली.

महिन्याचा पहिला रविवार, सकाळी सातला गाणं, म्हणजे नंतर शेतात जाता येतं, हे लिहिलं. सतरंज्या घरोघरच्या, ज्याची त्याला परत जावी म्हणून कोपऱ्याला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण, हेही लिहिलं. भाषण नाही, हार नाही, खुर्ची नाही, हा तुमचा नियम. एकदा एक पुढारी हार घालून घ्यायच्या तयारीनं आले, तर तुम्ही सरकून त्यांना सतरंजीवर जागा करून दिलीत आणि ते गुमान मांडी घालून बसले. आपल्या अमडापुरात एवढी माणसं एका जागी गप्प बसू शकतात, याचं मला अजून नवल वाटतं. शेजारच्या उंद्री गावचे लोकसुद्धा येतात, आणि तेही गप्प बसतात.

पण सगळे विचारतात ते एकच. दर वेळी पहिलं गाणं पेटीशिवाय का? बाहेरगावचे गायक कौतुकानं मान डोलावतात. पोरं सांगतात, बाईंची समज फार मोठी होती. होतीच. पण खरी गोष्ट तुमच्यामागं आता मलाच ठाऊक.

तुमचं छत गळायचं, म्हणून पेटी तुम्ही माझ्याकडे सांभाळायला दिली होतीत. मी ती धान्याच्या खोलीत ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "लाकूड आहे वं, टोके लागतीन. पाला टाक." गव्हाच्या कोठीत टाकतो तसा वाळलेला कडुनिंबाचा पाला मी झाकण उचलून आत पसरला, चांगला दोन ओंजळी, आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश होते. रविवारी नागपूरच्या गायिका तंबोरा घेऊन बसल्या आहेत. तुम्ही पेटीचा भाता हलवता, तर सूर निघत नाही. मग एक निघतो तो थांबत नाही, आणि हिरवट भुगा उडून त्यांच्या पांढऱ्या पातळावर पडतो. समोर माझं अख्खं सासर बसलेलं. तुम्ही भुगा बोटावर घेतलात, हुंगलात, एकदा माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "पेटी माही, चूकही माहीच. पेटीबिगर गाता का ताई?"

त्या गायल्या. नुसता तंबोरा आणि एक गळा. त्यांनी श्वास घेतलेलाही शेवटच्या रांगेत ऐकू येत होता. मी खांबाला टेकून उभी होते. माणसाच्या गळ्यात एवढं असतं हे मला तोवर माहीतच नव्हतं.

दुपारी तुम्ही मला चांगलंच झापलंत. "गव्हाची कोठी आहे का थे? काऊन नाही विचारलं मले?" मग आपण दोघी चिमट्यानं पाला वेचत बसलो, आणि संध्याकाळपर्यंत पेटी वाजायला लागली. तरी पुढच्या महिन्यात तुम्ही सांगून टाकलंत, पहिलं गाणं पेटीबिगर. मला वाटलं, तुम्हाला आवडलं म्हणून. यंदा लिहायला बसले तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. दर महिन्याला तेच मुद्दाम व्हायला लागल्यावर त्या भुग्याचं नाव कुणी काढलं नाही, आमच्या घरीसुद्धा नाही. शेजारच्या एका सुनेची लाज राखायला तुम्ही गावाला रिवाज लावून दिलात. केवढ्या होतात हो बाई तुम्ही!

मी वहीत सगळं खरं लिहिलं. वही न्यायला आलेली पोरगी वाचून म्हणाली, "काकू, हे काऊन लिहून राह्यल्या? लोकायले बाईचा नियम वाटते, राहू द्या ना तसाच."

"नियम बाईचाच आहे," मी म्हटलं. "पाला माहा आहे. छापा."

ती वही घेऊन गेली. मला हलकं वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

एक मात्र त्यात लिहिलं नाही. पहिलं गाणं सुरू झालं की सगळे डोळे मिटतात, मीही मिटते, पण मला त्या सकाळचंच ऐकू येतं. त्यानंतरचं एकही पहिलं गाणं मी धड ऐकलेलं नाही. तुमच्यामागं पेटी माझ्याकडेच आहे. तुम्हाला लिहिलेला हा कागद तिच्यातच ठेवावा म्हणून आत्ता झाकण उचललं होतं. पण बाई, त्या पेटीत काही घालायची माझी अजून हिंमत होत नाही.