पत्रीवाल्या चाचांच्या जागा

१७ जानेवारी १९८२, रवि.
कोडोलीची तिसरी फेरी. दोन मोडक्या ट्रान्झिस्टरांच्या पोटातून काढलेलं यंत्र झकास चाललंय. खाली धातू आला की शिट्टीचा सूर बदलतो. बोंब आहे ती जागेची. आजचं पटांगण म्हणे जुन्या बाजाराचं! दुपारपर्यंत कमरेचा काटा ढिला. निघालं काय, तर सोड्याच्या बाटल्यांची बुचं, एक गंजकं कुलूप. जुनं नाणं एक नाही.
एस.टी.ची वाट बघताना यंत्र तपासत होतो. शेजारचा म्हातारा म्हणाला, "पावणं, रेडिओचं पोट दुखाय लागलंय का?" दस्तगीर चाचा. जन्मभर बाजारोबाजार फिरून बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री ठोकली. आता दोन्ही डोळे गेलेत. मी काय शोधतोय ते ऐकून खो खो हसले. "पटांगण कालचं हाय. बाजार कुठं भरायचा ते मला इचार की! फुडच्या ऐतवारी ये."
सौ. म्हणते, भंगारवाला तरी बदल्यात कांदे देतो.

२४ जाने.
चाचांनी माझं कोपर धरलं आणि ओढ्यापर्यंत नेलं. आंधळा वाट दाखवतोय, डोळस ठेचकाळतोय. चिंचेखाली काठी टेकवली, "हितं." शिट्टी थांबेचना! उकरलं तर खिळे. पत्रीचे. मूठभर.
चाचा एकटेच राहतात. मुलगा मेहबूब इचलकरंजीत मागावर आहे, चला म्हणून मागं लागलाय. "तिथं मी कुणासंगं बोलू? मागासंगं?"

३१ जाने.
दुसरी जागा, वेशीबाहेरची पड. पुन्हा खिळे. पुढं सरकलो, तिथंही खिळे. डोकं फिरलं. ओरडलोच, "चाचा, तुम्हाला बाजार कुठं आठवतोय? तुम्ही बसायचा तेवढीच जागा आठवतीय!" ते काठी टेकत घराकडं वळले. मीही तसाच एस.टी.त जाऊन बसलो.

३ फेब्रु., बुध.
सौ.ला सांगितलं. तिनं लाटणं खाली ठेवलं. "म्हाताऱ्या माणसावर ओरडलात? शोभतं का?"
नाही शोभत. दुकानात रेडिओ दुरुस्त करताना दिवसभर एक टाका धड बसला नाही. गिऱ्हाइकावरही खेकसलो.

७ फेब्रु.
संक्रांतीच्या उरलेल्या तिळाच्या वड्या घेऊन गेलो. चाचा दारातच बसलेले. "आलास व्हय? मला वाटलं, खिळं लई टोचलं." माफी मागायचं लांबच राहिलं, त्यांनी वडी तोंडात टाकली आणि मलाच शिकवायला घेतलं. पत्री ठोकायची तर आधी बैल दोर टाकून पाडायचा. चार गडी लागतात, मालकसुद्धा. बैल लाथा झाडतो, माणसं त्याच्यासंगट मातीत लोळतात. "बाजारात माणूस पैका मुठीत धरून फिरतंय. बैल पाडताना कंबरंच्या चंचीतनं काय सांडलं ते कोन बघतंय? अरं, खिळ्यातच बघायचं हुतंस की!"
आणि मी शहाणा, खिळे लागले की जागा सोडत होतो. दोन रविवार.

१४ फेब्रु.
पुन्हा चिंच. चाचा पोत्यावर, इअरफोन त्यांच्या कानात, यंत्र माझ्या हातात. "खिळा. खिळा. फुडं चल. ह्यो बी खिळाच... थांब! ह्यो खिळा न्हवं." मी इअरफोन लावून बघितला, मला डोंबल फरक कळला नाही. जन्मभर लोखंड ऐकलेला कान तो. चार बोटं खाली हिरवी चकती. खाली पडलेल्या चिंचेनंच घासली. शिवराई!!
चाचांच्या तळहातावर ठेवली. अंगठ्यानं कितीतरी वेळ चाचपत बसले. "आज्ज्याच्या चंचीत असायची." मी त्यांना सरळ मिठीच मारली, ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका बघत होत्या, बघू देत. इतका आनंद लग्नातही झाला नव्हता (सौ.ला ही वही दाखवायची नाही).

२१ फेब्रु.
चुकलो. नवी वही घेऊन गेलो होतो. म्हणालो, "चाचा, तुम्ही ज्या ज्या गावी बसायचा त्या सगळ्या जागा एकदम सांगून टाका. लिहून घेतो. दर रविवारी तुम्हाला त्रास नको." त्रास नको म्हणूनच म्हणालो. निदान तेव्हा तरी तसंच वाटलं.
चाचांनी हात पुढं करून वही चाचपली. मग म्हणाले, "लिवून घेतलंस की मग येशील कशाला?"
मी हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत. "आता आठवत न्हाई," म्हणाले.

२८ फेब्रु.
वही घरी ठेवली. "आज बी आठवत न्हाई." चहा केला, बशीत ओतून मलाच आधी दिला. मेहबूबचं पत्र आलं होतं, ते वाचून दाखवलं. होळी झाली की न्यायला येतोय. "काय लिहू उत्तर?" विचारलं. "तूच सांग की."
मी म्हणालो, मुलाजवळ बरं पडेल तुम्हाला.
असं का म्हणालो? राहा की चाचा, एवढंच म्हणायचं होतं. जीभ झडली असती का?

१४ मार्च
दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, गुरुवारी गेले, जाताना दोनदा विचारलं, रेडिओवाला आलता का. होळीत गिऱ्हाइकांची गर्दी म्हणून मागच्या रविवारी मी गेलो नव्हतो. यंत्र पिशवीतून काढलंच नाही.

२१ मार्च
एकटाच चिंचेखाली. इअरफोन कानात, डोळे मिटून ऐकलं. सगळे खिळेच. एखादा नसेलही, कुणाला कळतंय. तासाभरात परत.
सौ.नं एकदम विचारलं, "तुम्हाला नाणी पाहिजेत की चाचा?" उत्तर सरळ होतं, पण मी यंत्र पुसत बसलो. तिनं पुन्हा विचारलं नाही, बरं झालं.

४ एप्रिल, रवि.
इचलकरंजी. पत्ता विचारत विचारत गेलो. गल्लीभर मागांचा खडखडाट, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. चाचा ओट्यावर बसलेले, बारीक झालेत. पाया पडलो. डोक्यावरून हात फिरवला, मी कानाशी 'चाचा' म्हटलं तसे थांबले. "रेडिओवालं!" मग हात सोडेनातच. मीही सोडवून घेतला नाही.
यंत्र आणलं नव्हतं. म्हणालो, "नुसता तुम्हाला भेटायला आलोय." ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी मला जवळ ओढलं आणि कानाशी ओरडून सांगितलं, "हितं बी हाय बरं का एक जागा. नदीच्या अंगाला. लई बैलं पाडल्यात मी तिथं."
आतून मेहबूब ओरडला, "अब्बा, काय थापा मारताय? ह्या गावात गेल्या महिन्यात पहिल्यांदा आलाय तुम्ही!"
चाचांनी ऐकलंच नाही. "लई मोठी जागा हाय. एका ऐतवारात न्हाई उरकायची. येशील न्हवं?"
मी मान हलवली. मग लक्षात आलं, त्यांना दिसत नाही. मागांच्या वर आवाज काढून म्हणालो, "येतो की!"